स्टब्जच्या घोड्यांच्या मागे, लिव्हरपूल ते लंडन

मंगळवार, लिव्हरपूल

जॉर्ज स्टब्ज हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. पण तो मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला तांबूस घोडा, मागे ना झाड ना आभाळ ना जमीन, तो कुठल्यातरी डायरीवर नाहीतर फोनच्या वॉलपेपरवर बघितलेला असतो. त्या घोड्याचा बाप म्हणजे हा स्टब्ज. मी पशुवैद्य, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेली, त्यामुळे चित्रकलेतलं मला कळतं ते बेताचंच, पण घोड्याचा खांदा कुठे सुटतो आणि कोपर कुठे बसतं हे कळतं आणि ते बरोबर काढणारे चित्रकार फार थोडे भेटतात. धाकटा भाऊ लीड्सला नोकरीला आहे, त्याने एक आठवडा सुट्टी टाकली, गाडी त्याची, आणि प्लॅन असा की या माणसाच्या आयुष्याच्या क्रमाने जायचं, जन्मला तिथून निघायचं आणि मेला तिथे थांबायचं.

तर लिव्हरपूल. १७२४ च्या ऑगस्टमध्ये तो इथे जन्मला. बाप कमावलेल्या कातड्याचा धंदा करायचा, म्हणजे टॅनरीतून आलेलं कातडं घासायचं, तेल चोळून मऊ करायचं, मग ते खोगीर, लगाम, बूट करणाऱ्यांकडे जायचं. पोरगाही पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच कामात. मी कोल्हापूरची, त्यामुळे कमावलेल्या कातड्याचा वास म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. ज्याने लहानपणापासून जनावराच्या कातडीवरून हात फिरवलाय त्याला पुढे त्या कातडीखाली काय आहे हे बघावंसं वाटलं तर त्यात नवल नाही. म्हणतात की आठ वर्षांचा असताना शेजारचा एक डॉक्टर त्याला हाडं आणून द्यायचा आणि हा ती बघून काढत बसायचा.

त्याच्या घराची काही खूण शोधण्यात अर्थ नव्हता, आम्ही सरळ वॉकर आर्ट गॅलरीत गेलो. लाइम स्ट्रीट स्टेशनच्या अगदी जवळ, फुकट. तिथे १७६२ ची 'मॉली लाँगलेग्ज' आहे, शर्यतीची घोडी आणि शेजारी तिचा जॉकी. नावाप्रमाणे पाय लांबच लांब. भाऊ म्हणाला, "ताई, ही जरा जास्तच बारीक नाही का गं?" म्हटलं नाही रे बाबा, शर्यतीत पळणारी घोडी अशीच दिसते, पोट वर चढलेलं, पुठ्ठ्याचे स्नायू वेगवेगळे दिसतात, महालक्ष्मीच्या रेसकोर्सला बघ जाऊन. मालकाला खूश करायला कुणी घोडा गुबगुबीतही काढला असता. हा काढायचा नाही.

दुसरं मोठं चित्र सिंहाला बघून घाबरलेल्या घोड्याचं, १७७० चं. पांढरा घोडा, नाकपुड्या फुगलेल्या, मान मागे खेचलेली, सगळं अंग ताठ. या चित्राची गोष्ट मजेशीर आहे, सिंह त्याने लंडनजवळ हाउन्सलो हीथला लॉर्ड शेलबर्नच्या खासगी पिंजऱ्यात बघून काढला आणि घोडा राजाच्या पागेतला, पण घोड्याला घाबरवायला सिंह कुठून आणणार, तर जमिनीवरून त्याच्याकडे एक झाडू सरकवत न्यायचे आणि तो बिचारा बिचकला की हा स्केच करायचा! यावर माझा शंभर टक्के विश्वास आहे. उडती प्लास्टिकची पिशवी बघून अर्धा टनाचा घोडा चार जणांना फरफटत नेताना मी पाहिलाय.

शिक्षण म्हणाल तर जवळपास नाहीच. बाप गेल्यावर हॅम्लेट विन्स्टनली नावाच्या चित्रकाराकडे उमेदवारीला लागला, काम काय तर जवळच्या नोझ्ली हॉलमधल्या चित्रांच्या नकला काढायच्या. कुठली चित्रं काढायची यावरून काही आठवड्यांतच वाजलं आणि हा निघून आला, म्हणाला यापुढे निसर्गाकडूनच शिकेन. पोरं रागाच्या भरात असं बोलतात आणि विसरतात, हा विसरला नाही. तिशीत रोमला जाऊन आला तोही म्हणे एवढंच पक्कं करायला की कलेपेक्षा निसर्ग मोठा आहे. बाकी चित्रकार रोमला जाऊन वर्षानुवर्षं पुतळ्यांच्या नकला करत बसायचे.

बुधवार, मँचेस्टर

खरं तर क्रमाने यॉर्क यायला हवं, पण मँचेस्टर वाटेत आणि तिथे एक चित्र असं आहे की ते सोडलं असतं तर मला झोप आली नसती. मँचेस्टर आर्ट गॅलरीमधला चित्ता. चित्र जवळपास नऊ फूट रुंद, डाव्या-उजव्या बाजूला काय चाललंय ते बघायला मान फिरवावी लागते. मध्ये चित्ता, गळ्यात आणि कमरेला पट्टे, डोक्यावरची लाल टोपी डोळ्यांवरून वर सरकवलेली, त्याला धरून पांढरे कपडे आणि फेटा घातलेला एक हिंदुस्थानी माणूस, दुसरा हात करून दाखवतोय, बघ तिकडे, आणि तिकडे शिंगवाला नर हरीण उभा.

कोल्हापूरकरांना हे दृश्य नवीन नाही. संस्थानच्या काळात आमच्याकडे चित्ते पाळलेले असायचे, त्यांना सांभाळणारे चित्तेवान, माळावर काळवीट दिसलं की डोळ्यावरची टोपी काढायची आणि सोडायचा. भाऊ चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "हा तर आपल्या इकडचा वाटतोय की!" आपल्या इकडचा नसेल, पण मद्रासकडचा नक्की. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट परत जाताना राजा तिसऱ्या जॉर्जला भेट म्हणून चित्ता घेऊन गेला, सोबत ही माणसंही. १७६४ मध्ये विंडसरच्या पार्कात साहेब लोकांना दाखवायला चित्त्याची शिकार ठेवली. आता मजा अशी की चित्ता हा काळविटाच्या मागे मोकळ्या माळावर सुसाट पळून शिकार करणारा प्राणी, त्याला इंग्रजांनी जाळीने वेढलेल्या जागेत एका दांडग्या, मोठ्या शिंगांच्या हरणासमोर उभा केला. हरणाने शिंगं उगारून त्याला हुसकावून लावलं. मग चित्ता कुंपणाबाहेर निसटला आणि तिथे दुसरं एक हरीण मारलंन.

पण स्टब्जने ते काहीच काढलेलं नाही. फजिती नाही, पळापळ नाही. सोडायच्या आधीचा क्षण आहे. आणि मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर त्या दोन माणसांचे चेहरे. त्या काळातल्या बहुतेक युरोपियन चित्रांत आपली माणसं म्हणजे पगडी आणि दागिने, चेहरा कुणाचाही चालतो. इथे ती दोन वेगळी माणसं आहेत, चित्त्याला धरणाऱ्याचं लक्ष पूर्ण आपल्या जनावरावर, त्याच्या हाताची पकड बघा, जोर किती लावायचा आणि किती नाही हे माहीत असलेल्या माणसाचा हात आहे तो. जनावर धरणाऱ्या माणसाकडे स्टब्ज नेहमी असंच बघतो हे मला पुढे न्यूमार्केटला जाईपर्यंत पक्कं कळलं नव्हतं, पण संशय इथे आला.

स्टब्जने आपल्याकडची आणखी जनावरं काढली आहेत. राणी शार्लटकडच्या नीलगाईंपैकी एक, म्हणजे विदर्भातले शेतकरी ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो रोहीच, १७६९ मध्ये डॉक्टर विल्यम हंटरसाठी काढला आणि हंटरने त्या प्राण्यावर रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेत लेख लिहिला. ते चित्र आता ग्लासगोला. हंटरचा धाकटा भाऊ जॉन, तोही सर्जन, त्याच्यासाठी गेंडा काढला, तोही हिंदुस्थानी, एकशिंगी. कॅप्टन कुक ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर त्याच्या जहाजावरचा निसर्गअभ्यासक बँक्स याच्यासाठी कांगारू काढला तो तर जिवंत बघायलाच मिळाला नाही, आणलेलं कातडं फुगवून त्यावरून काढला. कातड्याच्या धंद्यातला पोरगा शेवटी कातड्यापाशीच आला.

गुरुवार, वेंटवर्थ वूडहाउस

मँचेस्टरहून डोंगर ओलांडून यॉर्कशरमध्ये उतरलो, पाऊस, धुकं, मेंढ्या, भाऊ गाडी चालवताना सगळा वेळ "घाट म्हणजे आंबा घाट, हे काय" असं म्हणत होता. रॉदरमजवळ हा वाडा, वाडा काय म्हणायचा, पूर्वेकडचा दर्शनी भाग ६०६ फूट लांब आहे, फोटोत बसत नाही, मागे मागे सरकत सरकत शेवटी चिखलात. तीनशेच्या वर खोल्या. २०१७ मध्ये एका ट्रस्टने ७० लाख पौंडांना विकत घेतला आणि दुरुस्त्या अजून चालूच आहेत, जागोजागी मचाणं.

इथला मालक दुसरा मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम, दोनदा इंग्लंडचा पंतप्रधान झाला, दोन्ही वेळा थोड्या थोड्या काळापुरता, आणि खरा जीव शर्यतीत. पागा यॉर्कच्या जॉन कार नावाच्या आर्किटेक्टने बांधलेली, बाहेरून कुणालाही तीच मुख्य इमारत वाटेल. त्याचा घोडा व्हिसलजॅकेट, १७४९ चा जन्म, यॉर्कला १७५९ मध्ये चार मैलांची २००० गिनींची शर्यत जिंकलेला. शर्यतीचं करिअर संपल्यावर १७६२ मध्ये स्टब्जने त्याला काढला, खऱ्या आकाराएवढा. मूळ चित्र आता लंडनला, इथे व्हिसलजॅकेट रूम नावाच्या दालनात त्याची नक्कल लावलेली आहे. सोनेरी नक्षी, पांढऱ्या भिंती, आणि मधोमध घोडा. नक्कल असली तरी एक गोष्ट इथेच कळते, मूळ चित्र म्युझियममध्ये बघून कळणार नाही, की हा घोडा घरात होता. जेवून गप्पा मारत बसलेल्या माणसांच्या डोक्यावर. आपल्याकडे दिवाणखान्यात आजोबांचा फोटो असतो तिथे यांचा घोडा.

गाईड काकू (सत्तरीच्या असतील, एकदम उत्साही) राजाची गोष्ट सांगत होत्या, म्हणजे त्या घोड्यावर राजा तिसऱ्या जॉर्जला बसवायचा बेत होता, मग रॉकिंगहॅमचं राजाशी बिनसलं म्हणून घोडा तसाच मोकळा राहिला. ही गोष्ट मला तरी पटत नाही. स्टब्जने रॉकिंगहॅमसाठी त्याच काळात घोड्या आणि शिंगरांचंही एक चित्र केलं, त्यातही मागे काहीच नाही, मग तिथे काय शिंगरांवर राजा बसणार होता? मला वाटतं दोघांनी ठरवून केलं असणार, की घोडाच एवढा आहे, त्याला आणखी काय लागतं.

शुक्रवार, हॉर्कस्टो

सकाळी निघताना यॉर्कबद्दल गाडीतच बोलून घेतलं, कारण तिकडे वाकडी वाट करायला वेळ नव्हता. विशीत स्टब्ज यॉर्कला राहिला, तिथल्या हॉस्पिटलमध्ये सर्जनच्या हाताखाली माणसाच्या शरीराचं डिसेक्शन शिकला आणि थोड्याच दिवसांत मेडिकलच्या पोरांना शिकवायलाही लागला. जॉन बर्टन नावाच्या डॉक्टरने बाळंतपणावर पुस्तक लिहिलं १७५१ चं, त्याची चित्रं स्टब्जकडे. पण तांब्याच्या पत्र्यावर एचिंग, म्हणजे छापण्यासाठी ॲसिडने रेघा कोरायचं काम, करायचं कसं हे त्याला माहीतच नव्हतं. मग लीड्समधल्या एका घरं रंगवणाऱ्या पेंटरकडून थोडंफार शिकला, एका अर्ध्या पेनीच्या नाण्यावर वार्निश लावून, मेणबत्तीच्या धुरावर काळं करून, काडीत अडकवलेल्या शिवणाच्या सुईने पहिली रेघ मारली. भावाला लीड्सचा एवढा अभिमान वाटला की पुढचा अर्धा तास तो हेच.

हॉर्कस्टो म्हणजे लिंकनशरमधलं अगदी छोटं खेडं, हंबर नदीच्या दक्षिणेला, बार्टनपासून जवळ. एक चर्च, थोडी घरं, शेतं, आणि अँकोम नदीवर रेनी नावाच्या इंजिनिअरने १८३० च्या दशकात बांधलेला एक सुंदर झुलता पूल, जो शेताकडे जाण्याशिवाय कुठेच जात नाही. उत्तरेला लांब हंबर ब्रिजचे खांब दिसतात. बघायला म्हणाल तर बस एवढंच. गावात कुणी विचारलं तर काय सांगायचं, आम्ही मेलेले घोडे बघायला आलोय?

कारण झालं होतं असं. १७५६ च्या सुमारास बत्तीस वर्षांच्या स्टब्जने इथे एक शेतघर भाड्याने घेतलं आणि जवळजवळ अठरा महिने घोडे सोलले. सोबत एकटी मेरी स्पेन्सर. तिच्याबरोबर लग्न कधी केलं नाही पण पुढची पन्नास वर्षं दोघं एकत्र राहिली, आणि या कामात ती त्याची मदतनीस होती. नवरा, सॉरी, न झालेला नवरा म्हणतो चल एका खेड्यात जाऊन राहू आणि घरात कुजते घोडे टांगू, आणि बाई हो म्हणते! तिच्यावर कुणीतरी लिहायला पाहिजे खरं.

आता पद्धत ऐका, इथे मला थांबून सांगायलाच पाहिजे. घोडा जिवंत आणायचा, मानेची मोठी शीर कापून रक्त काढून मारायचा. मग शिरांमध्ये पातळ केलेली गरम चरबी भरायची, ती आत गार होऊन घट्ट होते म्हणजे शिरा फुगलेल्या राहतात, आकार जात नाही. मग छताला लोखंडी दांडा, त्याला आकडे आणि कप्प्या, ते बरगड्यांमध्ये अडकवून घोडा उभा टांगायचा आणि खूर एका फळीवर असे टेकवायचे की चालतोय असं वाटावं. मग आधी पोटाकडून सुरुवात, स्नायूंचा एकेक थर काढायचा, प्रत्येक थराचं ड्रॉइंग, मोजमाप, शेवटी हाडांपर्यंत. एक घोडा त्याने अकरा आठवडे वापरला. अकरा आठवडे!

परळला आम्ही डिसेक्शन केलं तेव्हा पद्धत साधारण हीच होती, रक्त काढायचं, शिरेतून भरायचं, आकड्यांना टांगायचं, पण आमच्याकडे फॉर्मलिन होतं. डोळ्यांतून पाणी यायचं, हाताची कातडी गळायची, पण जनावर कुजायचं नाही. आणि आम्हाला मिळायचं बहुतेक वेळा रेड्याचं नाहीतर गाढवाचं शरीर, घोडा क्वचित. त्याच्याकडे फॉर्मलिन नाही, थंडी असेल तेवढाच बर्फ. चौथ्या दिवशी काय वास येतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच अकरा आठवड्यांचा अर्थ कळेल. ती ड्रॉइंग्ज आज रॉयल अकॅडमी या लंडनच्या चित्रकारांच्या संस्थेच्या संग्रहात आहेत. कागद नाजूक म्हणून कायम भिंतीवर लावलेली नसतात पण अकॅडमीच्या साइटवर झूम करून बघता येतात आणि मी ती इतक्या वेळा बघितली आहेत की काय सांगू. मानेच्या खालच्या थरात खांद्याचे स्नायू जिथे बरगड्यांना चिकटतात तिथे सुरीच्या टोकांसारखे दाते दाते दिसतात, ते त्याने एकेक मोजून काढलेत. आणि तरी घोडा चालतोय! सोललेला, अर्धा हाडं उघडी, पण मान वळवून ऐटीत निघालाय कुठेतरी.

पुढे लंडनला जाऊन त्याने ही चित्रं तिथल्या एनग्रेव्हर लोकांना दाखवली, कुणी काम घेईना. मग स्वतःच बसला, दिवसा पोट भरण्यासाठी लोकांच्या ऑर्डरची चित्रं आणि सकाळी लवकर नाहीतर रात्री तांब्याचे पत्रे. घोड्याच्या शरीररचनेचं ते पुस्तक १७६६ मध्ये बाहेर आलं, काम सुरू झाल्यापासून दहा वर्षांनी. हॉलंडचा मोठा शरीरशास्त्रज्ञ कांपर त्यावर फिदा झाला. चित्रकाराला वैज्ञानिकांनी डोक्यावर घेतलं, आणि चित्रकार मंडळींनी?, त्याबद्दल लंडनला बोलू.

चर्चच्या बाहेर बाकावर बसून वहिनीने दिलेले मेथीचे ठेपले खाल्ले. भाऊ म्हणाला, "एवढं सगळं ऐकून तुला खाववतं कसं गं?" सवय.

शनिवार, न्यूमार्केट

पहाटे उठून वॉरन हिलच्या पायथ्याशी. हे फुकट आहे आणि घोड्यांवर जीव असलेल्या माणसाने आयुष्यात एकदा करायलाच हवं. गावात ट्रेनिंगचे सुमारे ३००० घोडे, सकाळी रांगेने रस्त्यावरून चालत येतात, गाड्या थांबतात, सिग्नलचं बटण घोड्यावर बसलेल्याच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर लावलेलं. मग जोडी-जोडीने चढावर सोडतात. आवाज आधी येतो, श्वासाचा, प्रत्येक टापेबरोबर एक फुत्कार, मग जमीन हलते आणि मग घोडे दिसतात. पाठीवर बसलेल्यांमध्ये आपल्याकडचे चेहरेही होते, दोघं हिंदीत ओरडून बोलत गेले. आमचा दिवस तिथेच वसूल.

हाच न्यूमार्केटचा माळ स्टब्जच्या सगळ्यात गाजलेल्या चित्रांमध्ये आहे. १७६५ चं गिमक्रॅकचं चित्र घ्या. गिमक्रॅक छोटासा करडा घोडा, उंची जेमतेम १४ हँड (एक हँड म्हणजे चार इंच), पण पळायला राक्षस. चित्रात तो दोनदा आहे. उजवीकडे लांब शर्यत, त्यात तो बाकीच्यांना मागे टाकून पुढे, आणि स्टँड रिकामा, एक माणूस नाही बघायला. डावीकडे जवळ तोच घोडा, शर्यत संपल्यावर, एका विटांच्या बसक्या घरासमोर. तेव्हा चार-चार मैलांच्या फेऱ्या पळवायचे आणि मध्ये घोड्याचा घाम पुसायला माळावर अशी घरं बांधलेली असायची. सईस खाली बसून त्याला पुसतोय, ट्रेनर डोकं धरून उभा, आणि जॉकी बाजूला. कुणी हसत नाही, कुणी जल्लोष करत नाही. जिंकलेल्या घोड्याचं चित्र आहे आणि विषय काय, तर नंतरची पुसापुशी.

मँचेस्टरला जो संशय आला होता तो इथे पक्का झाला. लॉर्ड लोक पैसे द्यायचे घोड्याचे, पण स्टब्ज त्यात सईस असा काढायचा की तो कोण आहे, किती दमलाय, घोड्याला त्याच्यावर विश्वास आहे की नाही हे सगळं दिसतं. पुण्याच्या रेसकोर्सवर मी काही महिने तबेल्यात काम केलं तेव्हा एक गोष्ट शिकले, की घोड्याचं खरं काय चाललंय हे मालकाला विचारू नये, ट्रेनरलाही नाही, जो पहाटे चारला त्याला खरारा करतो त्याला विचारावं. स्टब्जलाही हे माहीत असणार. हे गिमक्रॅकचं चित्र २०११ मध्ये २ कोटी २४ लाख पौंडांना विकलं गेलं. त्यातल्या सईसच्या वाट्याला तेव्हा काय आलं असेल ते सोडा.

एक मात्र खटकतं, आणि व्हेट म्हणून बोलायलाच पाहिजे. पळणारे घोडे त्याचेही चुकलेत. पुढचे दोन पाय पुढे, मागचे दोन मागे, पोट जमिनीला समांतर, असा कुठलाही घोडा कधीच पळत नाही. भरधाव घोड्याचे चारही पाय हवेत असतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिजने फोटो काढून दाखवलं. स्टब्जने मेलेला घोडा अकरा आठवडे बघितला पण पळता घोडा डोळ्याला थांबतच नाही त्याला तो तरी काय करणार. म्हणून मला त्याचे उभे घोडे जास्त खरे वाटतात.

दुपारी म्युझियम. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या जुन्या वाड्यात आणि तबेल्यात आता रेसिंगचं राष्ट्रीय म्युझियम आहे, कलादालनही त्यातच. छान आहे, मांडणी नीट, पण मला सकाळच्या माळापुढे फिकं वाटलं. एक्लिप्सबद्दल वाचत बराच वेळ उभी राहिले, १८ शर्यतीत एकदाही न हरलेला घोडा, स्टब्जने त्यालाही इथल्याच पुसायच्या घरासमोर काढलाय, मागची पार्श्वभूमी गिमक्रॅकच्या चित्रातलीच पुन्हा वापरलेली (ऑर्डर खूप असतील!). एक्लिप्स १७८९ मध्ये मेल्यावर व्हियाल द सँबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं डिसेक्शन केलं, दोनच वर्षांनी लंडनला इंग्लंडचं पहिलं व्हेटर्नरी कॉलेज निघालं आणि त्याचा पहिला प्रमुख हाच.

रविवार, लंडन

नॅशनल गॅलरी उघडायच्या आधीच दारात. खोली नंबर ३४. दोन-तीन दालनं आधीपासूनच व्हिसलजॅकेट लांबून दिसायला लागतो, दारांच्या चौकटीतून, आणि जवळ जाईपर्यंत मोठा मोठा होत जातो. उंची २९२ सेंटिमीटर. १९९७ मध्ये गॅलरीने लॉटरी फंडाच्या मदतीने १ कोटी १० लाख पौंडांना घेतला.

मी आधी खूर बघितले, सवयीने. मागच्या खुरांखाली छोटीशी सावली आहे, एवढीच काय ती जमीन. मग पोटाखालची शीर, जी चरबी भरून फुगवून त्याने हॉर्कस्टोला पाहिली असेल, इथे ती कातडीखाली हलकीशी उठलेली. डोळ्याच्या वरचा खळगा, वयस्क घोड्याचा असतो तसा, तेरा वर्षांचा होता तो तेव्हा. आणि नजर, आपल्याकडे बघतोय पण प्रेमाने वगैरे अजिबात नाही. स्वभावाने व्हिसलजॅकेट भयंकर होता म्हणतात, इतका की हे चित्र भिंतीला टेकवून ठेवलेलं बघून त्यालाच दुसरा घोडा समजून अंगावर धावून गेला आणि स्टब्जला पॅलेटने त्याला हाकलावं लागलं अशी गोष्ट आहे. इथे एक शाळकरी मुलगी वडिलांना विचारत होती की याचा मालक कुठे गेला. वडील भिंतीवरचा बोर्ड वाचायला लागले.

तिथून टेट ब्रिटनला, १७८५ ची गवत भरणाऱ्यांची आणि कापणी करणाऱ्यांची चित्रं. रचना इतकी सुंदर की बघत राहावं, पण कापणीला आलेल्या बायका एवढे स्वच्छ पांढरे कपडे घालून? इथे मात्र निसर्गापेक्षा गिऱ्हाईकाची आवड जरा जास्त दिसते.

आता अकॅडमीचं. तोपर्यंत लंडनमध्ये रॉयल अकॅडमी म्हणजे सगळं, आणि तिथे सगळ्यात वरच्या पायरीवर पुराणकथा आणि इतिहासाची चित्रं, घोडे-कुत्रे काढणारा म्हणजे साधारण साइनबोर्ड पेंटरच्या एक पायरी वर. १७८० मध्ये त्याला असोसिएट केलं, १७८१ मध्ये पूर्ण सभासद म्हणून निवडलं, पण नियमाप्रमाणे एक चित्र जमा करायचं ते त्याने केलंच नाही आणि निवड बारगळली. हट्टी माणूस. त्या काळात तो वेजवुडच्या कारखान्यातून भाजलेल्या मातीच्या मोठ्या फरशा करून घेऊन त्यावर एनॅमलने चित्रं काढायचा, रंग कधी उडू नयेत म्हणून, आणि अकॅडमीवाल्यांनी ती प्रदर्शनात अशी काही लावली की त्याचं डोकंच फिरलं. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते, पण एक चित्र देऊन टाकायला काय जात होतं हेही वाटतंच.

म्हातारपण सोपं गेलं नाही. इंग्लंडच्या नामांकित घोड्यांच्या चित्रांची मोठी मालिका करायची योजना होती, १७९४ मध्ये गॅलरीही उघडली पण फ्रान्सशी युद्ध चालू, गिऱ्हाईक नाही, बारगळली. पंचाहत्तरीला आल्यावर हॅम्बलटोनियन काढला, १७९९ मध्ये न्यूमार्केटला ३००० गिनींच्या शर्यतीत चाबूक आणि टाचांनी रक्तबंबाळ करून थोडक्यात जिंकवलेला घोडा. स्टब्जने विजय काढलाच नाही, थकून डोळे फाटलेला घोडा आणि त्याला पुसणारी माणसं काढली, पुन्हा तेच. मालकाने पैसे दिले नाहीत तेव्हा म्हाताऱ्याने कोर्टात खेचला. ते चित्र उत्तर आयर्लंडला माउंट स्टुअर्टमध्ये आहे, तिकडे जायचं राहिलं.

शेवटचा टप्पा ऑक्सफर्ड स्ट्रीट. पोर्टमन स्क्वेअरजवळ सॉमरसेट स्ट्रीटवर चोवीस नंबरच्या घरात तो चाळीसेक वर्षं राहिला आणि १० जुलै १८०६ ला तिथेच गेला, ८१ वर्षांचा होता. तो रस्ता आता नाहीच, त्यावर सेल्फरिजेस उभं आहे. भाऊ म्हणाला चल मग आत, आणि पर्फ्युमच्या काउंटरवर मी त्याला सांगत होते की या इथे कुठेतरी एक म्हातारा चाळीस वर्षं पाण्याशिवाय दुसरं काही प्यायला नाही, मरायच्या आदल्या दिवशी आठ-नऊ मैल चालून आला, आणि मरेपर्यंत वाघ सोलत होता. खरंच. माणूस, वाघ आणि कोंबडी यांची हाडं आणि स्नायू शेजारी शेजारी मांडून तुलना करायची असं शेवटचं काम त्याने सत्तरीत काढलं, एकाच पवित्र्यात, चारी पायांवर रांगणारा माणूससुद्धा. पूर्ण झालं नाही. घर, चित्रं सगळं मेरी स्पेन्सरला ठेवलं होतं, पुढच्या वर्षी लिलाव झाला आणि सगळं पांगलं. ती तुलनेची ड्रॉइंग्ज तर बरीच वर्षं हरवल्यातच जमा होती, १९५७ मध्ये अमेरिकेत वुस्टर गावच्या पब्लिक लायब्ररीत सापडली. आता येल विद्यापीठात आहेत.

"म्हणजे तू आता अमेरिकेला जाणार," भाऊ म्हणाला. म्हटलं, व्हिसा तू काढून देतोस का? तो सेल्समनकडे वळून दुसऱ्याच कुठल्या बाटलीची किंमत विचारायला लागला.